पिकअपचा हॉर्न

पिकअपमध्ये वैरण नसताना एल्डनने आयुष्यात एकदाच हॉर्न वाजवला होता, गेल्या महिन्यात, विकलेला कळप व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढवायला. हॉर्न वाजला की वैरण येते, एवढंच गाईंना ठाऊक. बिचाऱ्या धावत आल्या आणि मुकाट चढल्या. कळपाच्या पुढे चालणारी म्हातारी गाय तेवढी लंगडते म्हणून व्यापाऱ्याने नाकारली. आज नेवाडातल्या वाळक्या माळावर एल्डन कुंपणाची तार गुंडाळत असताना बायको गावातून आली आणि पिकअपमधूनच ओरडली, “एल्डन, वरातीमागून घोडं आलं बघ! दुष्काळाचे सरकारी पैसे जमा झाले, गाईंच्या वैरणीसाठी!” तिने रागाने हॉर्न दाबूनच धरला. “वाजवू नकोस गं!” तो कळवळला. तोवर म्हातारी टेकडीवरून लंगडत धावत आली, नेहमीसारखी पहिली. पिकअपचा रिकामा हौदा हुंगून झाल्यावर ती टेकडीकडे मान वळवून मागून येणाऱ्यांची वाट पाहत तशीच उभी राहिली.