दोनशे बारा नंबरच्या चकत्या

सकाळी सहा वाजता दौलतराव मोहित्यांनी लोखंडी नळी खांद्यावर घेतली, बैठक मारायला वाकले आणि तोल जाऊन ओसरीतच बसले. आवाजाने मंगला बाहेर आली.

"लागलं?"

"नाही. पोट आडवं आलं."

"मिल बंद झाल्यापासून तिथेच तर भरती चालू आहे," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

नळी जुन्या हातपंपाची होती. तिच्या दोन्ही टोकांना मधोमध भोक असलेल्या लोखंडी चकत्या अडकवलेल्या होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात २१२ असा आकडा. मिलला कुलूप लागलं त्या आठवड्यात दौलतरावांनी त्या पोत्यात घालून घरी आणल्या आणि खाटेखाली ठेवल्या. तालमीतून आणल्या असतील, असं मंगलाने धरलं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

दोन वर्षं त्या तिथेच होत्या. मग विणाई खात्याचा जुना जॉबर, म्हणजे मुकादम, श्रीराम परदेशीपुऱ्याच्या कामगार वस्तीत घरोघर बातमी देऊन गेला. बाहेरगावचा एक सेठ मिल घ्यायला तयार होता. पण माणसं निम्मीच घेणार. डॉक्टर तपासणार. पंचेचाळीसच्या वरचा असेल तर अंगाने धडधाकट पाहिजे.

दौलतराव सेहेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी खाटेखालून पोतं ओढलं.

आधी नुसत्या बैठका. मग नळी खांद्यावरून डोक्यावर नेणं. मग वाकून ती छातीकडे ओढणं. अंगाला सवय झाली की दोन्ही बाजूंना एकेक चकती वाढवायची. कचोरी बंद, शेव बंद. मंगला ज्वारीची भाकरी आणि उकडलेले चणे देई. ती एका दुकानासाठी परकर शिवून घर चालवत होती. त्याच मशीनवर तिने नवऱ्याच्या पँटची कंबर दोनदा आत घेतली.

"आता तिसऱ्यांदा घ्यायला कापड नाही," ती म्हणाली. "इथेच थांबा."

दंड भरले. पाठ सरळ झाली. शेजारचा वासुदेव, तोही विणाई खात्यातलाच, कुंपणावरून ओरडला, "भिया, पेट कुठं ठेवून आलात?"

"तुझ्याकडे. परवा जेवायला आलो होतो ना, तेव्हा राहिलं."

वासुदेवच्या घरातूनही सकाळी लोखंडाचा आवाज येई. पलीकडच्या घरातूनही. नळावर बायका हसत, अख्खी मिल पैलवान होऊन राहिली म्हणत.

व्यायाम झाला की दौलतराव प्रत्येक चकती तेलाच्या फडक्याने पुसत. एकदा मंगलाने एक उचलून लोणच्याच्या बरणीवर दाबायला ठेवली. त्यांनी ती लगेच काढली.

"दगड ठेव. ह्या परत द्यायच्यात."

"कुणी मागितल्यात?"

"मागतील."

पावसाळ्यात दुकानाने परकर देणं थांबवलं. गल्लीत भंगारवाला आला तेव्हा मंगला म्हणाली, "दोन देऊन टाका. घरात तेल नाहीये, तुम्ही लोखंडाला पाजताय."

दौलतराव ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या आठवड्यात तिने पायातली जोडवी विकली. चकत्या राहिल्या.

तपासणीच्या दिवशी सकाळी त्यांनी व्यायाम केला नाही. चकत्या पुसल्या, दोन कापडी पिशव्यांत भरल्या.

"डॉक्टरला उचलून दाखवणार काय?" मंगलाने विचारलं.

"आज घेतलं तर आजच जागेवर ठेवून येतो."

ती दारापर्यंत आली. "घेतलं तर येताना जोडवी बघून या," म्हणाली. "साधीच."

फाटकावर चौकीदार जुनाच होता आणि नियमही जुनाच. पिशव्या बाहेर. दौलतरावांनी त्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि आत गेले.

टाइम ऑफिसात डॉक्टरने छाती मोजली, दंड दाबला. "छियालीस? लगते नहीं." त्याने बाजूच्या बाबूला मान हलवून खूण केली. वासुदेवही पास झाला. ज्यांचं झालं त्यांना बाहेर थांबायला सांगितलं.

साडेबाराच्या सुमारास आत मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. कुणीतरी हात जोडले. मोटर थोडा वेळ चालली, बंद झाली, परत चालली. मग आवाज आला नाही. मागच्या फाटकातून एक पांढरी गाडी निघून गेली.

श्रीराम बाहेर आला. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"काय झालं, जॉबरजी?" वासुदेवने विचारलं.

"सेठबरोबर इंजिनिअर होता. मशीन चालवून दाखवा म्हणाला. आम्हाला तरी कुठं माहीत, आजच बघणार आहे! एक लूम लावली, ताणा ढिला, उभे धागे लोंबतात. दुसरी लावली, तेच. मागे वजनंच नाहीत, यार. ताणा ओढून धरायला लोखंडी चकत्या असतात ना, त्या. एका पण लूमला नाहीत."

"मग?"

"सेठ म्हणाला, चोरांची मिल आहे. फक्त जमीन घेतो म्हणाला. लूम भंगारात. सही करून गेला."

तो फाटकाच्या पायरीवर बसला. "पितळ नेलं असतं तर समजलो असतो. ती वजनं कोण नेणार?"

दौलतरावांनी वीस वर्षं दोनशे बारा नंबरची लूम चालवली होती. ते खाली बघत होते. वासुदेव त्यांच्या कानाशी आला.

"भिया, आपण तर चोर नेतील म्हणून सांभाळली होती."

भिंतीलगत विणाई खात्यातली माणसं उभी होती, आणि प्रत्येकाच्या पायाशी एक जड पिशवी होती.