डीकनचं आमेन

डीकन लेम्युएल गेन्सने गाण्याची रेकॉर्ड गुडघ्यावर टेकवली आणि दोन्ही हातांनी दाबली. कडकन आवाज झाला. ही चौथी. चारही त्याच्या बायकोने विकत आणल्या होत्या आणि चारही त्याने मोडल्या होत्या. त्यामुळे वर्नेल गेन्सची रेकॉर्ड गावात सर्वांत जास्त खपली होती ती तिच्या बापाच्याच घरी.

"झालं समाधान?" लुवेनियाने विचारलं. ती चवळीच्या शेंगा सोलत बसली होती.

"माझ्या समाधानाचा प्रश्न नाही. परमेश्वर ईर्ष्यावान आहे. शास्त्रात आहे तसं."

"तो आहे ना समर्थ? मग तुम्ही कशाला त्याच्या कामात हात घालता, डीकन?"

वर्नेल अकरा वर्षांनी शिकागोहून घरी येणार होती. उद्या माउंट नेबो चर्चचा पंच्याहत्तरावा वर्धापनदिन होता आणि तिने गावं अशी रेव्हरंड स्पायव्हींची फार इच्छा होती. पण त्याला चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन मंडळाची संमती लागत होती, आणि मंडळाचा अध्यक्ष होता लेम्युएल. आज सहाला बैठक. वर्नेलने आईला स्पष्ट लिहिलं होतं : चर्चमध्ये गाऊ दिलं नाही, तर घराचीही पायरी चढणार नाही. यापुढे कधीच.

तिचा गुन्हा साधा होता. गाणं मुळात लुवेनियाचं. तिने ते तरुणपणी रचलं होतं, आणि माउंट नेबोत तीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते म्हटलं जायचं. 'प्रभू, तू माझ्या दारी आलास, टोपी हातात धरून उभा राहिलास, चार बोटांनी माझे डोळे पुसलेस.' चार बोटं म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार शुभवर्तमानं, असं रेव्हरंडांनी तीन प्रवचनांत सिद्ध केलं होतं. टोपीवर एक प्रवचन वेगळं होतं. सहा वर्षांची वर्नेल सोड्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर उभी राहून हेच गाणं म्हणायची. मोठेपणी तिने 'प्रभू' काढला आणि तिथे 'राजा' घातला. मागे ढोल वाजले, सॅक्सोफोन वाजला, आणि न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली माणसं डोळे मिटून ऐकू लागली.

डीकनला आणखी एक दुखणं होतं, ते तो बोलत नसे. गाणं शिकवलं त्याने, सूर दिला त्याने. आणि आता लाकूड कापायच्या गिरणीत त्याला सगळे 'वर्नेलचे वडील' म्हणत.

"राजा म्हणे!" तो म्हणाला. "देवाला उठवलं आणि तिथे बाप्या बसवला. आईचं पवित्र गाणं बाटवलं कार्टीने. नाही म्हणजे नाही."

लुवेनियाचा हात थांबला.

"बाटवलं नाही तिने. होतं तसं केलं."

"म्हणजे?"

"मी सतरा वर्षांची होते तेव्हा तिथे 'राजा'च होतं. मग तुमच्याशी लग्न ठरलं. तुमचं सगळं घराणं डीकनांचं. म्हणून मी 'प्रभू' घातलं. चालीत बसलं." तिने पुढची शेंग घेतली. "देव टोपी घालून फिरतो होय? तीस वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, याचंच मला नवल."

"कोण होता?"

"गिरणीत होता. तुमच्या आधीचं आहे ते, संपलं. जास्त माहिती हवी तर ज्याच्या वतीने एवढे जळत होतात, त्यालाच विचारा."

डीकन ओसरीवर जाऊन बसला. देवाच्या वतीने जळण्यात एक प्रतिष्ठा होती. आता स्वतःच्या नावावर जळणं आलं. शिवाय त्या गाण्यावर इतकी वर्षं सर्वांत मोठ्याने 'आमेन' म्हणत आला होता तो स्वतःच. टोपी खरी, तर चार बोटंही खरीच असणार. त्याने गावातल्या तुटक्या बोटांच्या माणसांची नावं आठवायला घेतली आणि अकरावर सोडून दिली. गिरणीच्या गावात दहाही बोटं शाबूत असलेला माणूसच विरळा.

बैठकीला निघताना आतून आवाज आला, "नाही म्हणालात, तर कारण सांगायला मीही येईन."

तो नाही म्हणाला नाही. "गाऊ दे पोरीला," तो म्हणाला, "पण 'प्रभू' म्हणून." आणि हात वर करून मतदान घेतलं. सगळे हात वर गेले. अध्यक्षांनी मतं मोजली नाहीत, बोटं मोजली. एकाची तीन होती, एकाची साडेचार. चार कुणाचीच नव्हती.

रविवारी दारात टॉलिव्हर उभा होता. पांढरे हातमोजे घालून येणाऱ्याला पुठ्ठ्याचा पंखा द्यायचा आणि जागा दाखवायची, हे त्याचं तीस वर्षांचं काम. लग्न त्याने केलं नव्हतं. चर्च हाच संसार, असं लोक कौतुकाने म्हणत.

"या डीकन," तो म्हणाला. "लेक गाणार आज. आमेन दणकून येऊ द्या!"

वर्नेल उभी राहिली. ढोल नव्हता, सॅक्सोफोन नव्हता. तिने 'प्रभू' म्हटलं, आईकडे पाहून म्हटलं, आणि टोपीच्या ओळीपर्यंत बायका बाकांवरून उठल्या होत्या. मग चार बोटं आली. इथे गाणं थांबायचं आणि डीकन गेन्सचं आमेन यायचं. वर्नेल थांबली. सगळं चर्च त्याच्याकडे वळलं. डीकनने ओठ घट्ट मिटून घेतले. लुवेनियाने मान खाली घातली.

"आमेन!"

आवाज दारातून आला. माना तिकडे फिरल्या. टॉलिव्हर डोळे मिटून उभा होता. त्याचा डावा हात उंच वर होता, आणि पांढऱ्या हातमोज्याची रिकामी करंगळी पंख्यांच्या वाऱ्यावर हलत होती.