आधी नाव, मग निरोप

लढाईवर गेलेल्या शिपायांना घरच्यांचा आवाज रेडिओवरून ऐकवायचा, म्हणून दिघे निवेदक सगळी यंत्रं घेऊन शहाद्याच्या धर्मशाळेत येऊन बसले होते. संध्याकाळ होत आली तेव्हा आवाज भरायची एकच कोरी तबकडी उरली होती, आणि दारात ब्राह्मणपुरीहून चालत आलेल्या धनुबाई उभ्या होत्या.

“आधी नवऱ्याचं नाव सांगा, म्हणजे निरोप कुणाला आहे ते कळेल. मग काय ते बोला. मिनिटभरच वेळ आहे,” असं समजावून दिघ्यांनी तबकडीवर सुई टेकवली. एकदा टेकली की ती थांबवता येत नसे.

हेडफोनमध्ये चिडीचूप. माईकचा खटका बंद राहिला की काय, म्हणून दिघ्यांनी खाली मान घालून तो दोनदा दाबून पाहिला. मग तबकडीवर उतरणारा आवाज कानात घेतला, तर तिथं नुसती खरखर. पुन्हा माईकचा आवाज कानात घेतला. बांगड्या किणकिणल्या, श्वाससुद्धा ऐकू आला. म्हणजे यंत्र धडधाकट होतं, बाईंचा शब्दच तेवढा येत नव्हता. तोवर तबकडी भरली.

दिघ्यांनी मान वर केली.



धनुबाईंनी आपला उजवा हात माईकपुढे धरला होता, आणि त्यावर हिरवं गोंदलेलं होतं, ‘झिपरू’. “कव्हयनी नाव दखाडी ऱ्हायनू, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वाचा, मंग मी बोलसू.”