पट्टीवरचं पाणी

पंचशीलानं टँकरचा पाइप खांद्यावर घेतला आणि मुरमाची धावपट्टी भिजवायला लागली. एकटीनं आभाळात जायचा दिवस, आणि हातात काय, तर पाइप! पण ती कुरकुरली नाही. ग्लायडर क्लबाचा कारभारच तसा होता. सगळे बिनपगारी स्वयंसेवक. आधी क्लबाचं काम करायचं, मग आपल्या शिकण्याची पाळी. शेडच्या भिंतीवर रंगवलेलंच होतं, 'आधी सेवा, मग आकाश'.

सेवेत तिनं काही कमी केलं नव्हतं. बिनइंजिनाचं ग्लायडर वर खेचणाऱ्या विंचची तार ओढत धावली होती, पट्टीवरचं गवत उपटलं होतं, दुसऱ्यांच्या उड्डाणाला पंख धरून उन्हात उभी राहिली होती. शिक्षकांसोबत बसून उडायला शिकली होती. आणि एकटीनं उडायचं म्हटलं की दर रविवारी "पुढच्या वेळी बघू" ऐकून सायकल दामटत घरी गेली होती. आता पुढची वेळच उरली नव्हती. क्लबानं ग्लायडर विकलं होतं. उद्या ते ट्रकवर चढून पुण्याला जाणार. आज एकटीचं एक उड्डाण झालं तरच तिला वैमानिक म्हणता येणार होतं. नाहीतर दोन वर्षांची सगळी मेहनत मातीमोल.

"नव्या जिल्ह्याच्या समारंभाला मंत्रीसाहेब विमानानं येतायत," शेषेराव सकाळी म्हणाले होते. हवाई दलातून निवृत्त झालेला माणूस. क्लबाचे शिक्षकही तेच आणि मालक असल्यासारखे वागणारेही तेच. "धूळ उडता कामा नये. तू पट्टी भिजव, साहेब यायच्या आधी तुला वर सोडतो. शब्द देतो."

पहिल्यांदा एकटं उडून खाली उतरेल त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची क्लबात रीत होती. यंदाच्या दुष्काळात बादली कुठली! तांब्याभर ओतू, असं पोरांनी ठरवलं होतं.

अर्धी पट्टी भिजली असेल-नसेल, तेवढ्यात कडेच्या वस्तीतून केवळाबाई आली. डोईवर रिकामे हंडे, हातात तांब्या. ओल्या मुरमाकडं बघत उभीच राहिली.

"काय पेरून राहिली, माय?"

"पेरत न्हाई, मावशी. धूळ उडू नये म्हणून पाणी मारून राहिले."

"कुणावर उडू नये?"

पंचशीलानं समारंभाच्या मांडवाकडं पाहिलं. केवळाबाईनं टँकरकडं बोट केलं. "ह्यो आमच्या वस्तीचा टँकर हाय. परवापासून वाट बघून राहिलो आमी."

पंचशीलानं टँकरवाल्या मारोतीकडं पाहिलं. "खरं का, मामा?"

"हाव, ताई." मारोतीनं मान खाली घातली. "वरून हुकूम आला, पहिले इकडं न्या म्हणून. म्या काय करू?"

तिच्या अंगाची लाही लाही झाली. ह्याला सेवा म्हणायचं? बायांच्या हंड्यातलं पाणी काढून मुरमावर ओतायचं, का तर एका माणसाचे कपडे पांढरे राहावेत! आणि ओतायला उभं कुणाला केलं, तर जिच्या आजीला गावच्या विहिरीला शिवू दिलं नव्हतं, तिला!

पट्टीच्या टोकाला ग्लायडर एक पंख टेकून उभं होतं. तिनं एकदा तिकडं बघितलं. मग पाइप उचलला आणि केवळाबाईच्या हंड्यात घातला.

"बोलवा सगळ्यांना. पळत या म्हणावं."

हंडे, घागरी, तेलाचे डबे, जे हाताला लागेल ते घेऊन बाया धावत आल्या. टँकर रिकामा होत आला तेव्हा शेषेरावांची जीप येऊन थांबली.

"हा काय तमाशा लावलाय? अर्धी पट्टी कोरडी ठणठणीत आहे!"

"ज्याचं पाणी त्याला दिलं, सर."

"तुला कुणी विचारलं होतं?" त्यांनी शेडकडं वळून आवाज दिला, "ग्लायडर आत घ्या रे! हिचं उड्डाण रद्द!"

 ह्या माणसासमोर रडायचं? मुळीच नाही.

"तुम्ही शब्द दिला होता, सर. सेवा झाली की वर सोडतो म्हणून."

"ही सेवा?"

"हो सर. क्लबात आल्यापासून पहिल्यांदाच केली."

पुढं बोलायला वेळच मिळाला नाही. टँकर आणि बाया कडेला होतात न होतात तोच मंत्र्यांचं विमान घरघरत उतरलं, ओल्या मुरमावरून झोकात धावलं आणि कोरड्या पट्टीत शिरलं. मग काय विचारता! असा धुरळा उठला की मांडव, हार, साहेब, शेषेराव, सगळे एका रंगाचे झाले. बँडवाले वाजवायचं सोडून खोकायला लागले. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. पंचशीलाला काही हसू येईना.

केवळाबाई तिच्याजवळ आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आमच्यापायी तुझं इमान उडवायचं ऱ्हायलं की, पोरी."

"जाऊ द्या, मावशी."

"तोंड बघ, धुळीनं किती भरलं." तिनं भरल्या हंड्यात तांब्या बुडवला.

"नको, मावशी! पाणी वाया जाईल."

"वाया कशाला म्हणत्यात ते मला कळतंय," असं म्हणून केवळाबाईनं अख्खा तांब्या तिच्या डोक्यावर ओतला.

ग्लायडर ढकलत निघालेली पोरं जागच्या जागी थांबली. केवळाबाईला बिचारीला क्लबाची रीत कुठली ठाऊक! पोरांना मात्र ठाऊक होती.

"थांबलात काय? ढकला रे!" शेषेराव धुळीतून ओरडत होते.

कुणी पंखाला हात लावला नाही.