पुलाखालची पिचकारी

"तोंड उघड," नरहरराव म्हणाले.

वसंतनं तोंड उघडलं. दात लाल, जीभ लाल. नरहररावांनी नाकाला रुमाल लावला. टाउनशिपचे सफाई निरीक्षक म्हणून अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांच्या थुंकीशी झुंज दिली होती, पण पुलाच्या या चौकीदारानं अगदी कहर केला होता.

पुलाखालच्या पायवाटेवर, तुळई जिथं भिंतीवर टेकते तिथं, तांबडे-तपकिरी ओघळच ओघळ. पाहणीला इंजिनियर येणार म्हटलं की नरहरराव आदल्या दिवशी तिथं पांढरा ऑइलपेंट मारून घेत. इंजिनियर 'डाग नाहीत' असं लिहीत आणि चहा पिऊन जात. महिन्याभरात घाण पुन्हा हजर. मग भिंतीवर देवांच्या टाइल्स लावल्या, तर ओघळ शंकराच्या कपाळावरून खाली आले. काय म्हणावं या नालायकाला?

"साहेब, पान खातो, नाही म्हणत नाही," वसंत म्हणाला. "पण पुलावर नाही थुंकत. मुलीची शपथ."

"मग काय पूल थुंकतो?"

वसंतनं हात जोडले. "नोकरी घ्या साहेब. क्वार्टर तेवढं महिनाभर राहू द्या. पोरीची दहावीची परीक्षा होऊन जाऊ दे, मग बाहेर करोंद वस्तीत खोली बघतो."

"थुंकताना आठवली नाही का पोरगी?"

या वेळी त्यांनी मुद्दामच रंग मारला नाही. पुरावा जागेवर हवा होता. पाहणीला अनुराधा नावाची नवी इंजिनियर आली, तिला ते स्वतः पुलाखाली घेऊन गेले. नाकाला रुमाल होताच.

"बघा मॅडम. किळस येते की नाही? चौकीदाराची घाण आहे, एवढी एक ओळ लिहा. क्वार्टर रिकामं करून घ्यायला तेवढी पुरे."

अनुराधानं ओघळावर बोट फिरवलं.

"अहो, हात काय लावताय. शी."

तिनं बोटं चोळून पाहिली. मग पिशवीतली हातोडी काढून तुळईच्या टोकावर हलकेच ठोकलं. ताटाएवढा काँक्रीटचा पोपडा खाली पडला. तिनं आत टॉर्च मारला, बराच वेळ पाहिलं आणि फोन लावला.

"पूल दोन्हीकडून बंद करा. शाळेची बस येत असेल तर अलीकडेच थांबवा."

मग ती नरहररावांकडे वळली.

"काका, हा गंज आहे. तुळईच्या आतल्या ज्या ताणलेल्या पोलादी तारांवर पूल तोललाय, त्या सडल्यात. हे ओघळ पहिल्याच वर्षी कुणाला तरी दिसायला हवे होते. त्यांच्यावर रंग कोण मारत होतं?"