मागच्या बाकावरची पाहणी

“हे चुकलं, लक्ष्मीताई,” फळ्याकडे बोट दाखवत स्वाती म्हणाली.

फळ्यावर लक्ष्मीबाईंचंच वाक्य होतं: ‘द फिश इज फ्रेश, द प्राइस इज फिक्स्ड.’

“दोन्ही वाक्यं आपापल्या पायावर उभी आहेत. नुसत्या स्वल्पविरामाने ती जोडता येत नाहीत. एकतर मध्ये अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामानंतर ‘अँड’ घाला.”

“आन मंग ‘बिकॉज’ आला तर?”

“तर अर्धविराम नको. ‘बिकॉज’पासून पुढचं एकटं उभं राहत नाही.”

हे लक्ष्मीबाईंना कधीच कळलं होतं. तरी त्या मुद्दाम फिरून फिरून तेच विचारत. स्वाती दर वेळी नव्याने समजावी, आणि पोरीच्या कपाळावर आठी म्हणून नाही.

नवघरच्या या क्लासात संध्याकाळी मोठी माणसं ऑफिसचं इंग्रजी लिहायला शिकत. लक्ष्मीबाई भाईंदरच्या कोळीवाड्यातल्या. हॉटेलांना म्हावरं पुरवायच्या, तेव्हा ईमेलचं निमित्त आयतंच होतं. खरी गोष्ट वेगळी. त्यांच्या निकेतला लग्न करायचं होतं ते याच स्वातीशी, आणि आईच्या होकारासाठी तो अडून बसला होता.

कांदेपोहे खाऊन मुलगी कळत नाही, असं लक्ष्मीबाईंचं ठाम मत. मासा कल्ला उचलून घ्यावा आणि मुलगी कामावर बघावी. म्हणून निकेतलाही न सांगता त्यांनी क्लासात नाव घातलं आणि मागचा बाक पकडला.

दुसऱ्या दिवशी शेजारी इंदूबाई येऊन बसल्या. काशीगावच्या, कमी बोलणाऱ्या. लक्ष्मीबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. आठवडा सरायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“कुनाला बोलू नका हां, पन ही माझी होनारी सून हाय.”

“पसंत पडली?” इंदूबाईंनी हळूच विचारलं.

“बघतेय अजून.”

पुढे बसणाऱ्या हेमालीबेन मीठ भुरभुरावं तसे अर्धविराम टाकत. स्वाती त्यांच्या वहीवर वाकून एकेक काढायला लावी. “बेन, हे सगळे इथे फुकट बसलेत,” म्हणे, आणि हेमालीबेनच आधी हसत. लक्ष्मीबाईंना ते फार आवडलं. एकच खोट त्यांना दिसली. स्वाती सगळ्यांना प्रश्न विचारी, इंदूबाईंना मात्र कधीच नाही. गरीब बाई बघून सोडत असेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

“मुलगी तुमच्यातली आहे का?” एकदा इंदूबाई म्हणाल्या.

“न्हाय. बौद्धांची हाय.”

“मग वाड्यात बोलतील.”

“बोलू दे की! बोलनारे चार दिस बोलतील आन लग्नात पयल्या पंगतीला बसतील. माझ्या घरात तिला कोन वाकडं बोललं, तर त्याची माझ्याशी गाठ हाय.”

इंदूबाई वही बघत म्हणाल्या, “आणि हा क्लास? बंद करायला लावाल?”

“कशाला? निकेत पोटात असताना मी टोपली सोडली न्हाय. ती फळा का सोडंल?”

इंदूबाईंनी पदराने चष्मा पुसला. लक्ष्मीबाईंना वाटलं, बाई हळवी आहे.

शेवटच्या दिवशी परीक्षा झाली. लक्ष्मीबाईंची एकही खूण चुकली नाही. बाकीचे गेले, इंदूबाई पिशवी आवरत रेंगाळल्या. लक्ष्मीबाई ताठ मानेने टेबलापाशी गेल्या.

“पोरी, मी निकेतची आय. ईमेल-बीमेल काय न्हाय, तुला बघायला आलेले. कल्ला उचलून बघितला, म्हावरं ताजं हाय. माझ्याकडून लग्न पक्कं.”

स्वाती दचकली नाही. तिने खाली वाकून लक्ष्मीबाईंच्या पायाला हात लावला. मग मागच्या बाकाकडे बघत विचारलं,

“आई, तुझं बघून झालं का?”

“झालं,” इंदूबाई म्हणाल्या.