शेजारणीच्या उंबऱ्यातला उंदीर

प्लेगच्या साली डिलाईल रोडच्या एका चाळीत मुकादमाची बायको अंबिकाबाई नाक वर करूनच वावरायची. शेजारच्या रखमा कोळणीचे बोंबील तिला चालत, रखमा शेजारी राहते हे मात्र चालत नसे. “असल्या घाणेरड्या लोकांमुळंच रोगराई येते,” असं ती अख्ख्या चाळीला ऐकवायची.

एका सकाळी अंबिकाबाईच्याच चुलीमागं उंदीर मरून पडला. घरात मेला उंदीर सापडला की सरकारी माणसं खोलीला टाळं ठोकत आणि घरच्यांना शीवच्या माळावर झोपड्यांत नेऊन ठेवत. म्हणजे चारचौघांत अब्रूच गेली! बाईनं चिमट्यानं उंदीर उचलला, रखमाच्या उंबऱ्यात टाकला आणि वर स्वतःच बोंब ठोकली. दुपारच्या आत रखमा चार पोरं घेऊन रडत चाळीबाहेर पडली. पुढं बाईच्या घरात आणखी तीन उंदीर मरून पडले. बाईनं तेही इमानानं रखमाच्या बंद दाराशीच नेऊन टाकले.

दीड महिन्यानं रखमा परतली, तेव्हा अंबिकाबाईच्या काखेत प्लेगची गाठ आली होती. कुणाला कळू नये म्हणून ती दार लावून तापानं फणफणत पडली होती. बाहेरून रखमाचा खणखणीत आवाज आला.



“मालावरच्या मोकल्या हवेत माजी चारी पोरा वाचली गो बाय! ज्यानं माज्या दारात उंदीर टाकला, त्याला एकवीरा आई शंभर वर्सा आयुक्ष देवो!”